सिगारेटचा कागद

शिलाई मशीनच्या बॉबिनच्या दांडीवर आज
रीळ नाही, एक बोल्ट आहे,
आणि दोऱ्याच्या जागी केसाएवढी तांब्याची तार.
पायाखाली पायडल, चिमटीत ताण.
नवार्द शेगडीपाशी बसून फेरे मोजते,
दर शंभराला भिंतीवर खडूची एक रेघ.
ग्युमरीत बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलंय.

मला एक दार हवंय, एवढंच.
कबुतरखान्याचं. संध्याकाळी बटण दाबलं की मिटेल,
रात्रभर धरून ठेवेल
आणि शेजारच्या बोक्याला आल्या पावली परत पाठवेल.

तोरोस क्रास्नोयार्स्कहून फोनवर सांगतो, "फेरे वाढव."
त्याला सगळ्यावर हेच सुचतं.
जास्त पाळ्या, जास्त पैसे, अजून एक हिवाळा.

तीनशे फेरे : तीस नट उचलले,
आणि कॉइल इतकी तापली
की लाखेचा जळका वास गिऱ्हाइकाच्या कोटाला लागला.
सहाशे फेरे : एकोणतीस.
मी पुन्हा मोजले. नवार्दने मोजले.
एकोणतीस.
तार दुप्पट, म्हणजे वाट दुप्पट,
म्हणजे वीज निम्मीच धावली.
एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.
फक्त बोट ठेवलं तर कॉइल आता कोमट होती,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखी.
हेही काही थोडं नाही, मी म्हटलं,
बिल मलाच भरायचं असतं.

मग दारावरची लोखंडी पट्टी उलटून पाहिली.
हिरवा रंग. तोरोसनेच दिलेला,
जायच्या आदल्या दिवशी, दोन हात,
गंज चढू नये म्हणून.
कानशीने खरवडला, नखभर जागा,
आणि दार असं बसलं
की नवार्दने दोन्ही हातांनी ओढलं
तरी हललं नाही.
इतके दिवस मी तारेत शोधत होते.

सकाळी बटण बंद केलं.
दार उघडलंच नाही.
वीज कधीच गेलेली, आणि लोखंड अजून धरूनच,
त्याला कुणी कळवलं नसावं.
आत एकवीस कबुतरं फळीवर चोची आपटत होती.
शेवटी बुटाची टाच मारली.

तोरोसच्या जुन्या कोटाच्या खिशात
सिगारेटच्या कागदांचं पाकीट होतं,
तंबाखू केव्हाच संपलेली.
एक कागद पट्टीवर चिकटवला. एकच.
आता धरतं.
आणि सोड म्हटलं की सोडतं.

रात्री फोन आला.
"किती फेरे झाले शेवटी?"
"सहाशे."
"अजून वाढव."
"बरं," मी म्हटलं.
कागदाचं बोलले नाही.
पाकिटात अजून सदतीस आहेत,
दिवा घालवण्याआधी मोजून ठेवले.