दुभाषी

कामगार कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
माझी खुर्ची दोघांच्या मधोमध असते, जरा मागे सरकवलेली.
उजवीकडे ग्वाकसाहेब, पेरिलाच्या पानांचे मालक,
बुटांना अजून शेडमधली माती.
डावीकडे चान्थी. आज लिपस्टिक लावून आलीय,
आणि वाटेत निम्मी पुसून टाकलीय.

मी कोरियात नांदायला आले, त्याला चौदा वर्षं झाली.
ती कामाला आली.
विमानतळ एकच, रांगा वेगळ्या.

ग्वाक म्हणतात, 'ही मला मुलीसारखी.'
मी ख्मेरमध्ये सांगते.
चान्थी विचारते,
'मुलीकडून कंटेनरचं भाडं घेतात का?'

इथल्या भाषेत क्रियापदाला शेपूट असते.
कुणापुढे किती वाकायचं ते शेपटीत ठरतं.
तिचा प्रश्न काठीसारखा सरळ,
माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याला कंबर फुटते:
'भाड्याबद्दल थोडं विचारायचं होतं साहेब, राग नसावा.'

ते तिला हाक मारतात ती हाक गुरांची.
मी ती गाळते.
आज सकाळपासून सतरा वेळा गाळली.
चहा गाळला की चोथा गाळण्यात राहतो,
हे बाकी कुठं राहतं, मला अजून सापडलेलं नाही.

चान्थी वही काढते. वर मांजर, आत ख्मेर आकडे.
दहा पानांची गड्डी,
शंभर गड्ड्यांची पेटी,
दिवसाला पंधरा पेट्या, पहाटे साडेसहापासून.
अंगठा इतका झिजलाय की
फोनसुद्धा आता तिला ओळखत नाही.
करारात रोज तीन तासांची सुट्टी आहे.
करारातली बाई दुपारी जेवते, आडवी होते, हिंडून येते.
चान्थी म्हणते, त्या बाईची नि माझी
शेतात कधी गाठ पडली नाही.

अधिकारी चष्मा वर करतो.
'यावर मालकाची सही?'
'नाही.'
'मग ही फक्त तुमची वही.'
ख्मेरमध्येही 'फक्त'ला शब्द आहे. तो वापरावा लागतो.

तिला थकलेले पैसेही नकोत आता.
एक कागद हवाय, सोडल्याचा, त्यावर एक शिक्का.
इतर माणसं नोकरी सोडतात.
चान्थीनं सोडली की कागदावर लिहून येतं: पळाली.

ग्वाक खिशातून शिक्का काढतात.
लाकडी, करंगळीएवढा, टोकाला लाल.
टेबलावर ठेवतात, बोटानं इकडून तिकडं लोळवतात.
एकाहत्तर वर्षांचे. मुलगा सोलला, फोन करत नाही.
'एवढं पीक निघू दे,' म्हणतात.
आवाज खरोखर कातर होतो, तोही मी पोहोचवते.
शिक्का पुन्हा खिशात जातो.
पेरिलाचं पीक बारा महिने निघत असतं,
हे या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढची तारीख. वीस दिवसांनी.
तोवर ती त्याच कंटेनरमध्ये, त्याच दाराची कडी आतून लावून.

जिन्यात ती माझी बाही धरते.
'बाँग,' म्हणते, म्हणजे ताई,
'तुझ्या ओळखीत कुठं काम आहे? कागद झाला की?
कसलंही चालेल. पानं नकोत फक्त.'

माझ्या सासूबाईंच्या दोन शेड आहेत, नदीपलीकडे.
दोन मुली तिथं, एक माझ्याच जिल्ह्यातली.
त्यांच्या पेट्या संध्याकाळी मीच मोजते.
चौदा निघाल्या तर काही बोलत नाही,
वहीत लिहून ठेवते, इतकंच.

कुणी न विचारलेलं दुभाष्यानं बोलू नये,
हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात.

'बघते,' मी म्हणते.
त्याचं भाषांतर करावं लागत नाही.
ती हात सोडते, पायऱ्या उतरायला लागते.