इतिवृत्त

कोपरखैरण्यात रात्री दोनला एमआयडीसीचा वास सुटतो,
तसं काहीतरी त्या वर्षी आमच्या सोसायटीत सुटलं होतं.
कसलं, ते सांगता येईना,
खिडक्या मात्र सगळ्यांनी लावून घेतल्या.

आधी चेअरमन मढवींनी राजीनामा दिला.
खजिनदार कुट्टी गावाला गेला तो गेलाच,
पासबुक त्याच्या बंद कपाटात.
पुनर्विकासवाले आणि दुरुस्तीवाले
जिन्यात समोरासमोर आले की भिंतीकडे बघत.
तीन सभा गणसंख्येअभावी तहकूब.
चौथीला गणसंख्या भरली
आणि खुर्च्या उडाल्या.
मी सेक्रेटरी. वहीत लिहिलं : चर्चा झाली.

मग पंपाची मोटर जळाली.
चेकवर सही कुणाची, या प्रश्नावर
अकरा दिवस कोरडे.
तिसऱ्या मजल्यावर हंडा चढवताना मुजावरबाई म्हणाल्या,
कुणीही येऊ दे गं, सैतान येऊ दे,
नळाला पाणी आलं म्हणजे झालं.
हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.

तळमजल्यावरचे मेजर इंगवले
सहा वर्षांत एकदाही सभेला आले नव्हते.
कुंडीतल्या मिरचीला पाणी घालत,
नमस्काराला नुसती मान हलवत.
बाराव्या दिवशी स्वतःच्या पैशांनी मोटर आणली,
बाह्या दुमडून पंपाच्या खोलीत उतरले.
पाच वाजता नळ खोकले,
आधी गंजाचं तांबडं, मग पाणी.
जिन्याजिन्यातून टाळ्या.
माझे तळहात रात्रीपर्यंत झिणझिणत होते,
ते मी लपवत नाही.

ठराव क्रमांक सात :
निवडणूक होईपर्यंत सर्व अधिकार मेजरसाहेबांकडे.
सूचक, मढवी.
अनुमोदक, ज्यांनी मढवींवर खुर्ची फेकली ते.
एकमताने.
अक्षर माझं. ‘होईपर्यंत’वरचा रफार
मी मुद्दाम ठळक काढला.

झाडांना कमरेपर्यंत गेरू, वर चुन्याचा पट्टा.
गाड्या चुन्याच्या रेघांत. सहाला शिट्टी. दहाला गेट.
गेटवर वही : कोण आलं, कुणाकडे, किती वेळ.
भटकी कुत्री एका रात्रीत दिसेनाशी झाली,
कुठे गेली ते विचारलं नाही, झोप छान लागत होती.
मुजावरबाईंच्या भावाला ओळखपत्रासाठी
पाऊण तास उन्हात उभं केलं.
ताई, वहीत घ्या, म्हणाल्या.
मी म्हटलं, विषयपत्रिकेवर नाहीये.

आणि मेजर दुष्ट नाहीत हो.
परवा मिरच्या देताना म्हणाले,
मला कुठे हौस आहे, बाई?
तुम्ही लोक भांडता.
दुसरं वाक्य खरंच होतं,
म्हणून पहिलं कुणी तपासलं नाही.

निवडणुकीची तारीख
नंतर कळवण्यात येईल. तीनदा लिहून झालंय,
आता हात आपोआप लिहितो.

काल ऋजुता इतिहासाचा स्वाध्याय घेऊन बसली होती.
आई, क्रांती लोकांनी केली
मग गादी सेनापतीला कशी मिळाली?
पुस्तकात काय दिलंय?
चार मुद्दे. अराजक, महागाई, पुढचं पाठ नाही.
पाचवा लिही, म्हटलं,
मोटर जळाली होती.

ती हसली. खोडरबर मागितला.
खाली दहाचं गेट ओढल्याचा आवाज आला,
आणि मी, कुणी सांगितलं नसताना,
उठून बाल्कनीतला दिवा मालवला.