माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भिंतीला लागून
कडुलिंबाखाली माझं टेबल.
सत्तावीस वर्षं प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी
मी एकच ओळ बडवत आलो :
‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे
व विश्वासाप्रमाणे खरा आहे.’
बोटांना पाठ आहे ती. मी कधी वाचली नव्हती.

मेच्या दुपारी गिरजाबाई पौनीकर आली,
डोक्यावर ओला दुपट्टा,
लू लागू नये म्हणून पिशवीत कांदा.
नवरा कळमन्याहून संत्र्याच्या ट्रकवर गेला
तो गेलाच.
सात वर्षं माणसाची खबर लागली नाही
की कायदा त्याला मेलेला समजतो.
सहा वर्षं अकरा महिने असतील, तर नाही समजत.

मी टाईप केलं, वाचून दाखवलं.
“खबर नाही, हे खरं हाय,” ती म्हणाली,
“पन मेला असा माहा विश्वास नाही.
तेवढा शब्द काढा, भाऊ.”

“मग जिवंत आहे, हे कशावरून?”

“रोज सांजच्याला उचकी लागते मले.
मेलेला मानूस कोनाची याद करते काय?”

शेजारचा नोटरी हसला. मीही हसणारच होतो,
तेवढ्यात भिलाईचा भाऊ आठवला.
तो आहे, हे मी कशावरून धरून चाललोय?
दिवाळीला फोन झाला होता.
त्यानंतर कुणी येऊन काही वेगळं सांगितलं नाही,
एवढंच.
तिची उचकी निदान रोजची आहे.
आणि कांदा तर माझ्याही खिशात होता.

पांढरी शाई लावून ‘विश्वास’ पुसला.
बाबूनं कागद परत पाठवला :
नमुन्यात बसत नाही.
प्लॉट नावावर व्हायचा, तर नमुना पाहिजे.
पुन्हा टाईप केली, अख्खी ओळ.

चश्मा नव्हता. तिनं कागद नाकाशी धरला,
एकेका शब्दावरून बोट फिरवलं,
आणि सही केली
त्या ओळीच्या वर.
ओळ खाली राहिली, सहीच्या बाहेर,
कुणाचीच नसल्यासारखी.

बाबूनं शिक्का मारला. त्यानं पाहिलं नाही.
मी पाहिलं होतं. बोललो नाही.

पाच वाजता मशीनवर झाकण ठेवलं
आणि भिलाईचा नंबर लावला.
बेल जात होती.