रंग कुठे गेला

पेकलोंगानमध्ये वार नदीला विचारावा:
सोमवारी निळी, गुरुवारी लाल,
ईदच्या आधी दोन आठवडे नुसती काळी.

वुर्यानीच्या टेबलावर कोळंबीची टरफलं.
बंदरावरच्या बायका फुकट देतात, वर हसतात,
"एवढं शिकून शेवटी सालंच?"
आम्लात भिजवून, अल्कलीत उकळून
निघतं ते कायटोसान. मग त्यात
लोहाची काळी भुकटी, इतकी बारीक
की तिच्यापुढे धूळसुद्धा दगडगोटे.

बापाच्या पिंपातलं पाणी आज बरणीत. लालभडक.
चिमूटभर दाणे. ढवळणं. चाळीस मिनिटं.
मग फुटक्या स्पीकरचं चुंबक काचेला लावलं
आणि दाणे सरकले एका कडेला,
हाक मारल्यासारखे.
मागे राहिलं पाणी. नुसतं पाणी.

दार्योनो बरणी उजेडात धरतो.
तीस वर्षं त्याच्या नखांत हाच लाल आहे.
वास घेतो. "रंग कुठे गेला?"
"दाण्यांत, बाबा."
"म्हणजे मेला नाही."
"नाही. थांबलाय."

तो बराच वेळ दाण्यांकडेच बघतो, पाण्याकडे नाही.
"मग सोडवून दे परत.
किलोला काय पडतो, ठाऊक आहे?"

खाली मोरीचं तोंड उघडंच.
आज गुरुवार.