जिना

डाहराच्या रविवारच्या बाजारात मी दात बघतो.
ओठ वर, अंगठा आत,
दोन दाती, चार दाती,
मग पाठीवरून हात फिरवायचा:
मांस किती, वाटेवरची धूळ किती.

येरो बारा दिवस चालत आलाय.
साठ मेंढरं, एक गाढव, एक किटली.
विकायला आणलेले मेंढे चारच,
बाकीची सोबतीला, म्हणतो.
त्याला पैसा नको असतो. हवी असते
बाजरीची गोण, चहा, साखर,
धाकटीच्या तापावरचं औषध.
तेवढी बेरीज जमली की तो उठतो.
भाव चढला तर तीनच विकतो!
वीस वर्षं दलाली केली,
हे गणित मला सुटलेलं नाही.

थिएसजवळ मालिकचा पत्र्याचा गोठा.
तो मेंढा दाखवत नाही, वही दाखवतो.
नव्वद दिवस, पेंड, भुईमुगाचा पाला,
सुया, बँकेचा हप्ता.
ट्रक ठरल्या तारखेलाच भरायचा,
एक दिवस उशीर झाला
की मेंढाच मालकाला खायला लागतो.
त्याच्याशी घासाघीस फोनवर, किलोत.

आणि डाकारात, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर
आवाचे दोनच.
उंच, पांढरे, पोरांच्या गणवेशाच्या साबणाने धुतलेले.
त्यांना पंखा आहे.
गिऱ्हाईक आलं की आधी बसवते,
बिसापचं लाल सरबत,
मग मेंढ्याच्या बापाचा फोटो, मग आजोबाचा.
किंमत सांगताना मात्र आवाज खाली.
शेजारणींची भिशी अडकलीय त्यात.

तबास्कीच्या आदल्या रात्री भाव पडतो.
हमरस्त्याच्या कडेला
पाणी विकत, चारा विकत, उभं राहणंही विकत.
माझ्याकडे एकच उरला,
येरोचा, डाव्या कानाला खाच असलेला.
अकराला आवाचा फोन.
दोन्ही गेले, म्हणाली, चांगले गेले.
मग जरा थांबून:
घरासाठी काहीच ठेवलं नाही रे.
तुझ्याकडे आहे का एखादा, हलकासा?

अर्ध्या किमतीत सौदा झाला. मीही ताणलं नाही.

पण बारा दिवस काट्याकुट्यातून चाललेला तो
तिसऱ्या पायरीवर अडून बसला.
जिना म्हणजे काय, त्याला कोण सांगणार?
ओढलं, ढकललं, पेंड दाखवली,
शेवटी खांद्यावर घेतला.
छाती धडधडत होती,
त्याची की माझी, कळेना.

वर आवाने सवयीने नळ सोडला,
साबण फासला.
गच्चीच्या पन्हळीतून
फेर्लोची तांबडी माती
खाली गल्लीत गळत राहिली.

नाव काय याचं? तिनं विचारलं.
येरोला ठाऊक असेल.
मी दात विचारले होते.

सकाळपर्यंतचाच तर प्रश्न होता,
तरी तिनं पंखा लावला.