एकशेपाच अंश

मिर्फाच्या किनाऱ्यावरून आणलेली माती
पोत्यात असते तोवर सभ्य दिसते.
वर मिठाची पापडी, खाली करडा चिखल,
मधूनमधून काचेसारखे खडे.
हीच पापडी ट्रकखाली मोडते
आणि चाक आसापर्यंत आत जातं.
हे मी फळ्यावर लिहिलं नाही.
म्हटलं, आधी हाताला कळू दे.

सात मुली, अबायाच्या बाह्या दुमडलेल्या,
काचेवर चिखलाचा दोरा वळतायत,
तीन मिलिमीटर, त्याहून बारीक नाही.
"तुटला, मिस."
तुटू दे. किती पाण्यावर तुटला, ते सांग.
शेवयांची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती,
ती मी गिळली.

ओलावा काढायची रीत सोपी.
डबी तोला, रात्रभर भट्टीत, एकशेपाच अंश,
सकाळी पुन्हा तोला.
गेलं ते पाणी, उरली ती माती.
कऱ्हाडच्या काळ्या मातीवर शिकले,
तिथेच अकरा वर्षं शिकवलं,
इथे सहा.

याझियाने मातीतून एक खडा वेचला,
पुसला, ठेचला, दहा ग्रॅम तोलला
आणि मला न विचारता भट्टीत सारला.
सकाळी डबीत पांढरं पीठ,
साडेआठ ग्रॅमही नाही.
"हा तर कोरडा होता, मिस.
मग हे पाणी कुणाचं?"

जिप्सम, मी म्हटलं, आणि थांबले.
पुस्तकात तळाशी बारीक टीप आहे,
अशी माती साठ अंशांवर वाळवा.
कऱ्हाडला तिची गरज पडली नाही,
इथे आल्यावर मी पान उलटलं नाही.
मुरलेलं पाणी कुठलं, अंगचं कुठलं,
भट्टीला काय कळणार?
ती दोन्ही घेते
आणि आपण एकच आकडा लिहितो.

कपाटात सहा वर्षांच्या वह्या आहेत,
प्रत्येक पानावर माझी लाल सही.

सेल्वराजने बटण साठवर आणलं,
हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली.
"आता तीन-चार दिवस लागतील, मॅडम.
शनिवार-रविवार बंद करू?"
नको, म्हटलं.

रविवारी माझ्याकडे चावी होती.
वजन अजून उतरत होतं,
पण थोडंसंच.
मी कपाट उघडलं,
पहिली वही काढली.