सुहैल

ऑगस्टभर आमच्या घरात पाणी उलटं वागतं.
थंड नळाला चटका,
आणि बंद गीझरमध्ये कालचं साठवलेलं
जरा माणसात आलेलं पाणी.
बाल्कनीची काच बाहेरून घामेजलेली.
तिच्यापलीकडे अजमानची खाडी आहे
हे आम्ही ऐकीव माहितीवर मानतो.
मिरी एसीखाली
सांडलेल्या पिठासारखी पडून असते.
सुट्टीच्या दिवशी मीही काही वेगळं करत नाही.

खालच्या सलूनमधला दिलमुराद
पहाटे टॉवेल वाळत घालताना म्हणाला,
सुहैल आला.
मला वाटलं, मुलगा झाला.
मी अभिनंदन केलं.
तो पोट धरून हसला, मग बोट केलं:
क्रेनचा लाल दिवा, त्याच्या डावीकडे,
धुळीत एक ठिपका,
उगवू की नको करणारा.
हा दिसला की रात्री गार होतात, म्हणे.
माझ्या कानामागून घाम ओघळत होता.
मी मान डोलावली.

लिफ्टमध्ये, चौथ्या मजल्याच्या आसपास, आठवलं:
अरे, हा तर अगस्ती.
एका ओंजळीत समुद्र संपवणारा.
आप्पा भाद्रपदात विहिरीत डोकावून सांगायचे,
अगस्ती उगवला, आता पाणी निवळेल.
तोच तारा.
इथे त्याला दुसरं काम लावलंय.

पंधरा दिवस काहीच झालं नाही.
मग मिरीचे केस गळायला लागले,
काळ्या पँटवर, डब्यात, एकदा वरणात.
दिलमुरादच्या पोपटाने शेपटीचं पीस टाकलं,
ते त्याने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं
कंगव्यांच्या शेजारी.

आणि ऑक्टोबरात एका मंगळवारी
नळाखाली हात धरला
तो काढून घ्यावासा वाटला नाही.

एसी बंद केला.
इतकी शांतता
की आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ आहे हे कळलं.
मिरी दारापाशी जाऊन ओरडली.
उघडलं, तर उंबऱ्यावरच बसली,
पुढचे पाय ऋतूत, मागचे घरात,
कान पारव्याकडे.
खाडी होती. तिथेच होती.

डिसेंबरात गीझरचं बटण दाबलं.
न्हाणीघराच्या कोपऱ्यात
एक तांबडा ठिपका उगवला.
मिरी बराच वेळ मान वर करून बघत राहिली.
एवढा तारा
आम्हा दोघींना, कुणी न दाखवता, सापडतो.